खोटे ठरल्यावरही टिकून राहते ते

१६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातील गडचिंचले गावाजवळ जमावाने दोन साधूंना आणि त्यांच्या वाहनचालकाला ठार मारले. टाळेबंदीत त्या भागात चोर आणि मुले पळवणारे फिरत असल्याच्या अफवा पसरल्या होत्या. या हत्येला हिंदू-मुस्लिम रंग देणारे संदेश लवकरच आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही येऊ लागले. २२ एप्रिलला तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी अटकेतील १०१ जणांची यादी जाहीर केली आणि तिच्यात एकही मुसलमान नसल्याचे सांगितले. मी ती यादी लगेच ग्रुपवर टाकली. संदेश पाठवणाऱ्या थोरल्या काकांचे उत्तर आले, "असेल. पण ते लोक असे करणारच नाहीत, असे तू सांगू शकतोस का?"

काकांची सारी नोकरी हिशेब तपासण्यात गेली. त्यांना पुरावा कळत नाही, असे मी म्हणणार नाही.

डेन्मार्कमधील ऑरहुस विद्यापीठाच्या संशोधकांनी अमेरिकेतील ट्विटर वापरणाऱ्यांचा अभ्यास करून २०२१ मध्ये असे मांडले, की खोट्या राजकीय बातम्या पुढे पाठवण्यामागे अज्ञानापेक्षा विरोधी पक्षाविषयीचा द्वेष अधिक असतो. तिथल्याच दुसऱ्या अभ्यासानुसार ऑनलाइन राजकीय चर्चेत आक्रमक असणारी माणसे समोरासमोरही तशीच असतात. पडद्यामुळे सभ्य माणूस बिघडतो असे नव्हे, तर एरवी चार जणांपुरता राहणारा त्यांचा आवाज तिथे सर्वांपर्यंत पोहोचतो.

म्हणून भीतीतून पसरणारी अफवा आणि द्वेषातून पसरणारी अफवा यांत फरक करायला हवा, असे मला तीव्रतेने वाटते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भटक्या जमातीतील पाच जणांचा बळी गेला, तो मुले पळवणारी टोळी आल्याच्या भीतीने. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, असे बंधन जाहीर केले. भीतीची अफवा त्याने मंदावू शकते, कारण घाबरलेल्या माणसाला खरे काय ते हवेच असते. द्वेषाला खऱ्याची गरजच नसते. एक दाखला खोटा ठरला की तो दुसरा शोधतो.

त्या दिवशी यादी टाकताना मलाही काकांना चाळीस नातेवाइकांसमोर गप्प करायचे होते, हे मान्य करतो. ते गप्प झाले नाहीत, उलट अधिक ताठर झाले. आता असा संदेश आला, की मी ग्रुपवर काही न लिहिता त्यांना फोन करतो. गेल्या रविवारी आम्ही पाऊण तास बोललो, आणि तो संदेश त्यांना कोणी पाठवला होता, हे त्यांनी प्रथमच सांगितले.