ठरत नसेल तर स्लॅश मारा

लिहिता लिहिता अडलात, म्हणजे 'आणि' म्हणायचंय की 'किंवा' हेच ठरेना, तर डोकं अजिबात चालवू नका, सरळ 'आणि/किंवा' ठोकून मोकळे व्हा. सोसायटीच्या नोटिशीत 'अध्यक्ष आणि/किंवा सचिव यांची सही लागेल' असं टाका, मग कोणी एक सही आणली की दोन्ही पाहिजेत म्हणायचं आणि दोन आणल्या की कशाला एवढा त्रास घेतलात म्हणायचं.

आपल्या मराठीत तर स्लॅशला मरण नाही, कारण क्रियापदसुद्धा बाई-पुरुष बघून बदलतं. त्यामुळे 'मी लिहून देतो/देते की मी वरील पत्त्यावर राहतो/राहते' असं बिनधास्त छापा, आणि खाली बारीक अक्षरात 'लागू नसेल ते खोडावे'. म्हणजे काम लोकांवर. कोणी खोडत नाही ते सोडा, शिक्का बसतोच.

रकमेपुढे '/-' मात्र हवंच, ५००/-. का ते विचारू नका. ब्रिटनमध्ये ५/- म्हणजे पाच शिलिंग, वर पेनी नाही, असा तो हिशेब, आणि तिथेसुद्धा १९७१ ला दशमान पद्धत आली आणि तो हिशेब संपला. आपल्याकडे शिलिंग नव्हताच, पण '/-' नसलेली पावती अजून कच्ची वाटते ना?

लग्नाची तारीख अमेरिकेतल्या भाच्याला ५/६ अशीच कळवा. तो ६ मेला येऊन उभा राहील, महिनाभर आधी, मांडवाच्या कामाला हक्काचा माणूस. आणि ते टिम बर्नर्स-ली, ज्यांनी वेबच्या पत्त्यात दोन स्लॅश घातले, ते २००९ मध्ये म्हणाले की त्यांची गरजच नव्हती. असल्या लोकांचं ऐकायचं नाही.

पण स्लॅशचा खरा थाट बघायचा तर सातबारा बघा. नमुना ७ हक्काचा, नमुना १२ पिकाचा, मध्ये आपला स्लॅश. आजोबांचा सर्व्हे नंबर नुसता ४५, भाऊ वेगळे झाले की ४५/१ आणि ४५/२, त्यांची पोरं भांडली की ४५/२/अ, ४५/२/ब, म्हणजे जमीन नाही वाढली तरी नंबर तरी वाढतो. एवढ्याशा तुकड्यात ट्रॅक्टर वळत नाही, पण बांधावरून कोर्टात जाता येतं, आणि तिथल्या दाव्याच्या नंबरातही स्लॅश असतोच, त्यापुढे साल, म्हणजे नातवंडांना किती वर्षं चाललाय ते मोजायला सोपं.