घोडचूक कशी लपवावी

बुद्धिबळाच्या स्पर्धेत डाव हरलात की आधी प्रतिस्पर्ध्यापासून लांब व्हा. तो नऊ वर्षांचा असेल तर पळाच. हात मिळवा, स्कोअरशीटवर सही करा, आणि तो "काका, पोस्टमॉर्टेम करूया?" (म्हणजे झालेला डाव पुन्हा मांडून चुका शोधूया?) म्हणायच्या आत मंगल कार्यालयाच्या मागच्या दाराशी वडापाववाल्याकडे पोहोचा. ही पोरं वाईट नसतात. खोटं बोलायचं वय अजून आलेलं नसतं, एवढंच.

मला दोन पावलं उशीर झाला. पोरानं भराभर २७ व्या चालीची स्थिती पटावर मांडली. माझा राजा तीन प्याद्यांच्या आड कोंडलेला, शेवटच्या पट्टीच्या राखणीला एकटा वजीर. आणि तोच वजीर मी कोपऱ्यातलं फुकटचं प्यादं खायला धाडलेला. त्याचा हत्ती सरळ खाली आला, मात. "काका, राजाला पळायला घरच नव्हतं ना?" तो म्हणाला. माझ्या घड्याळात तेव्हा ४१ मिनिटं शिल्लक होती आणि ती चाल मी चार सेकंदांत केली होती, हा तपशील त्याला ठाऊक होता. तुम्ही तो कोणाला सांगू नका.

तेव्हा पोरं टाळा आणि इंजिनकडे, म्हणजे चाली तपासणाऱ्या संगणक-प्रोग्रामकडे, जा. घरी पोहोचेपर्यंतही थांबू नका, रिक्षातच मोबाइलवर डाव भरा. इंजिन भला प्राणी आहे, आपण विचारू तिथलंच बोलतो. त्याला ११ व्या चालीबद्दल विचारा. ते सांगेल की तिथे हत्तीऐवजी उंट हलवला असता तर स्थिती प्याद्याच्या तिसऱ्या हिश्शानं बरी राहिली असती. झालं! हरलो ते इथे. २७ व्या चालीपुढची लाल खूण अंगठ्यानं झाका आणि खालचा अचूकतेचा आकडा बघा: ८९ टक्के. शाळेत एवढ्या मार्कांना आईनं पेढे वाटले होते.

आता दोष ओपनिंगवर, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चालींवर, ढकला. इटालियन खेळत असाल तर आजपासून लंडन धरा. लंडननं दगा दिला की कॅटलन. काळ्या मोहऱ्यांनी सिसिलियन सोडून फ्रेंच, फ्रेंच सोडून डच. दोन-तीन वर्षांत सगळा युरोप हिंडून होतो. राजा मात्र त्याच तीन प्याद्यांच्या आड. प्रत्येक मुक्कामी एक व्हिडिओ कोर्स विकत घ्यायचा असतो. बघितलाच पाहिजे असं नाही.

कोणी फारच छेडलं तर क्रामनिकला पुढे करा. २००६ साली बॉनमध्ये, विश्वविजेता असताना, डीप फ्रिट्झ या संगणक-प्रोग्रामविरुद्ध त्याला एका चालीतली मात दिसली नव्हती. चांगली स्थिती होती, वजीर शांतपणे उचलून भलतीकडे ठेवला आणि पुढच्याच चालीला मात झाली. म्हणजे क्रामनिक आणि आपण एकाच पंगतीतले. त्याच्या बाकीच्या डावांचा विषय काढू नका.

जुना विश्वविजेता बोटविनिक मात्र अजिबात वाचू नका. या गृहस्थाचं म्हणणं होतं की आपल्या डावांचं विश्लेषण आपणच करावं आणि वर ते छापावं, म्हणजे लोक त्यातल्या चुका काढतील. पेशानं विद्युत अभियंता. शॉर्ट सर्किट कुठे झालं ते शोधायची खोडच असणार. विश्वविजेतेपद १९५७ मध्ये स्मिस्लोवकडे आणि १९६० मध्ये तालकडे गेलं, तर दोन्ही वेळा पुढच्याच वर्षी परत मिळवलं. तुम्हाला काय परत मिळवायचंय? एंट्री फी?

त्यापेक्षा दुसऱ्यांच्या डावांचं विश्लेषण करा, त्यात कमालीचं समाधान आहे. १२ डिसेंबर २०२४, सिंगापूर, जागतिक अजिंक्यपदाचा शेवटचा, १४ वा डाव. काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या गुकेशकडे एक प्यादं जास्त, तरी डाव बरोबरीकडे चाललेला. ५५ व्या चालीला डिंग लिरेननं हत्ती एफ-२ या घरात आणला आणि इकडे आमच्या सोफ्यावर एकच कल्लोळ झाला. "अरे काय केलं यानं!" डिंगचा उंट कोपऱ्यात, ए-८ वर अडकलेला, हत्तीला हत्ती, उंटाला उंट गेला की खाली उरतो तो प्याद्यांचा हरलेला डाव. आम्हाला सगळं लख्ख दिसलं. पडद्याच्या कडेची, कोण वरचढ ते दाखवणारी इंजिनची पट्टी धाडकन काळी झाली होती, त्याचा या दिसण्याशी काही संबंध नाही. गुकेशला मात्र ती चूक पहिल्या क्षणी दिसली नव्हती, असं त्यानंच नंतर सांगितलं. तो वेगळीच चाल करणार होता. १८ वर्षांचं पोर, समोर फक्त पट. पट्टी कुठून असणार? त्याला बिचाऱ्याला विचार करावा लागला. साडेसात-साडेसहानं तो विश्वविजेता झाला आणि आम्ही चहा टाकला.

एवढं सगळं जमलं की विश्लेषणाचं शास्त्र हाती आलं समजा. फक्त त्या पोराची वही बघू नका. मी बघितली. स्वतःच्या १९ व्या चालीभोवती त्यानं पेन्सिलीनं गोल केला होता आणि बाजूला लिहिलं होतं, 'घाबरलो. घोडा जात होता.'

"अरे, पण तू तर जिंकलास ना?" मी म्हटलं.

डब्यातला लाडू तोंडात कोंबत तो म्हणाला, "तुम्हाला दिसला नाही म्हणून."