गुरुवारी पाणी येणार नाही

सोसायटीत अडतीस बिऱ्हाडं. गुरुवारी पाणी येणार नाही, एवढंच कळवायचं आहे. लिफ्टशेजारच्या फळ्यावर खडूने लिहिलं की काम भागतं. पण तुम्ही कमिटीतले एकमेव इंजिनीयर, आणि लोकांच्या तुमच्याकडून अपेक्षा आहेत. (लोकांच्या म्हणजे तुमच्या स्वतःच्या.) व्हॉट्सॲपला तुमचा तात्त्विक विरोध आहेच. तेव्हा लिनक्सवर स्वतःचा मेलिंग लिस्ट सर्व्हर उभारा, म्हणजे एका पत्त्यावर ईमेल टाकलं की ते सगळ्या सभासदांना जाईल.

माळ्यावरचा जुना डेस्कटॉप काढा, धूळ झटका, डेबियन नावाचं लिनक्स चढवा, ईमेलची ने-आण करणारं पोस्टफिक्स टाका. आता कळेल की घरच्या ब्रॉडबँडवर २५ नंबरचा पोर्ट, म्हणजे ईमेल बाहेर जायचं दार, बहुधा बंदच असतो. उघडा असला, तरी नकोसं टपाल रोखणाऱ्या स्पॅमहाउस संस्थेच्या एका यादीत घरगुती आयपी पत्ते (इंटरनेटवरचे घर क्रमांक) आधीच नोंदवलेले असतात. गुन्हा काही नाही. घरगुती माणसाने थेट टपाल पाठवू नये, इतकंच. मग दरमहा भाडं भरून परक्याच्या डेटासेंटरमध्ये मशीन घ्या. स्वावलंबनाची सुरुवात भाड्यानेच होते. तिथेही २५ नंबर बंद निघाला तर विनंती अर्ज करा, भाषा नम्र ठेवा.

मिळालेल्या आयपीवर पूर्वी कोण राहून गेलं, हे विचारू नका. आधीच्या भाडेकरूने गावभर उधारी केलेली असते आणि लोक दार तुमचं वाजवतात. ब्लॅकलिस्टमधून नाव काढून घ्या, आयपीवरून नाव सांगणारी रिव्हर्स डीएनएसची पाटी दारावर ठोका, एसपीएफ (तुमच्या नावाने टपाल कुठल्या मशीनने पाठवावं त्याची यादी) आणि डीकेआयएम (पत्रावरची डिजिटल सही) यांच्या नोंदी करा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल अशा कागदपत्रांशिवाय कुणाला सहसा उंबऱ्याच्या आत घेत नाही. सोसायटीचा वॉचमन याच्या निम्मी चौकशी करत असता, तर आपल्या सायकली गेल्या नसत्या.

एवढं करूनही टपाल जात नसेल, तर इंटरनेटवर कुणीतरी दिलेला सल्ला ऐका आणि मायनेटवर्क्समध्ये, म्हणजे पोस्टफिक्सच्या विश्वासातल्या मशीनच्या यादीत, सगळं जग लिहून टाका. लगेच जाऊ लागेल. तुमचं नव्हे, जगाचं.

यानंतर मेलमन, म्हणजे लिस्ट सांभाळणारं सॉफ्टवेअर. दुसरी आवृत्ती सुटसुटीत, पण ती पायथन २ या प्रोग्रॅमिंग भाषेवर चालते आणि त्या भाषेचा आधार १ जानेवारी २०२० ला संपला. शिवाय दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ती प्रत्येक सभासदाला त्याचा पासवर्ड साध्या मजकुरात, दूधवाल्याच्या बिलासारखा, घरपोच करते. म्हणून २०१५ ची तिसरी घ्या. त्यात कोअर (टपाल वाटणारा), पोस्टोरियस (लिस्टचा कारभार पाहणारा) आणि हायपरकिटी (जुनी पत्रं जपणारा) असे तीन भाऊ एका छपराखाली राहतात, चुली वेगळ्या. पोस्टफिक्सने आलेलं पत्र एलएमटीपी या पद्धतीने ८०२४ पोर्टवर कोअरच्या हाती द्यायचं असतं. दिलं नाही तर भाऊ तक्रार करत नाहीत, नुसते बसून राहतात. रात्री दोनला लॉग वाचताना घरचे विचारतील, काय चाललंय? सांगा, पाण्याचं बघतोय.

पण खरी गंमत डीमार्कची, म्हणजे सही जुळली नाही तर पत्राचं काय करायचं ते सांगणाऱ्या नियमाची. एप्रिल २०१४ मध्ये याहूने जाहीर केलं की आमच्या नावाने आलेलं, पण सही न जुळणारं पत्र सरळ नाकारा. मेलिंग लिस्ट विषयाआधी कंसात सोसायटीचं नाव घालते, खाली तळटीप चिकटवते. झालं, सही मोडली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी याहूवरून ‘टाकी कधी धुणार?’ विचारलं की जीमेलवाल्या सभासदांकडून ते पत्र परत येणार. परत आलेली पत्रं मेलमन मोजतो, पण ज्यांच्याकडून आली त्यांच्या खात्यावर. पुरेशी साठली की त्यांचं टपाल बंद! विचारलं काकांनी, शिक्षा तळमजल्याला. कमिटीच्या कारभाराशी इतकं मिळतंजुळतं सॉफ्टवेअर दुसरं नाही. यावर उपाय म्हणजे पाठवणाऱ्याच्या जागी लिस्टचाच पत्ता घालणं. मग सगळी पत्रं सोसायटीच स्वतःला लिहिते आहे असं दिसतं. उत्तरंही लिस्टलाच जातील अशी सोय करायला विसरू नका, म्हणजे सेक्रेटरींबद्दल एकाला खाजगीत लिहिलेलं अडतीस घरी पोचेल.

आता बुधवारी रात्री सूचना पाठवा: ‘गुरुवारी पाणी येणार नाही.’ समोरचा सर्व्हर तुम्हाला ओळखत नाही, म्हणून म्हणेल, थोड्या वेळाने या. पोस्टफिक्स चिवट आहे. आधी काही मिनिटांनी, मग तासा-सव्वा तासाने पुन्हा जातो, पुन्हा, पुन्हा. मुळात दिलेली मुदत पाच दिवसांची. त्यामुळे घाबरू नका. गुरुवारी सकाळी कमिटीचे अध्यक्ष लुंगीवर खाली उतरून फळ्यावर खडूने काहीतरी लिहितील, तिकडे लक्ष देऊ नका.

रविवारी दुपारी तुमचं पत्र पोचेल. एकतीस घरी, स्पॅममध्ये का होईना, पोचेल. आणि पुढच्या गुरुवारसाठी लोक हंडे, बादल्या, पातेली भरून ठेवतील.