एनसीसी ‘सी’ प्रमाणपत्र आणि थेट अधिकारीपद: खुलासा

‘कॉलेजात एनसीसीचं सी प्रमाणपत्र मिळवा, परीक्षा-मुलाखतीशिवाय थेट लेफ्टनंट व्हा’ असा मेसेज फिरतोय. तो अर्धवट आहे. लष्कराच्या एनसीसी स्पेशल एंट्रीच्या जाहिरातीत अटी स्पष्ट छापलेल्या असतात. सूट मिळते ती फक्त सीडीएसच्या (सैन्यदलांतील अधिकारी भरतीसाठी यूपीएससी घेते त्या) लेखी परीक्षेतून. प्रमाणपत्रात किमान ‘बी’ ग्रेड आणि पदवीला ५० टक्के गुण लागतात. त्यानंतर एसएसबीची (सैन्यदलांच्या सेवा निवड मंडळाची) पाच दिवसांची निवड चाचणी, वैद्यकीय तपासणी, गुणवत्ता यादी. मगच चेन्नईच्या ओटीएमध्ये (लष्कराच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीत) प्रशिक्षण. खरी चाळणी एसएसबीचीच, आणि या मेसेजवर विसंबून मुलं नेमकी तिचीच तयारी सोडतात, याचं फार वाईट वाटतं. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. ग्रुपवर आला तर हा खुलासा टाका.