कुंडी रिकामी नव्हती हो काकू!

झाशीला लग्नाला काय गेले, झाडांना पाणी घालायला म्हणून चावी वरच्या काकूंकडे दिली, आणि येऊन बघते तर माझ्या कळलावीच्या कुंडीत मनीप्लांट! काडीला लाल दोरा बांधून ऐटीत उभा. "अगं रिकामीच होती ना कुंडी, म्हटलं लावून टाकू, शुभ असतं." रिकामी?? कळलावी उन्हाळ्यात वर दिसतच नाही, कंद खाली झोपलेला असतो, पाऊस सुरू झाला की वर येतो. त्या कंदाचा कोंब अगदी टोकाला असतो, तो मोडला की संपलं. बरं, कंद कुठाय? तर "काहीतरी आल्यासारखं निघालं, कचरागाडीत दिलं." आलं समजून चहात ठेचलं नाही हे नशीब, जहरी असतो तो, नाहीतर मी आज हे पोलीस ठाण्यात बसून टाइप करत असते. तमिळनाडूने राज्यफूल केलंय त्याला आणि ग्वाल्हेरात कचरागाडी! आणि बदल्यात काय, तर पॅसिफिकमधल्या मूरिया बेटावरचा वेल, तोही मे महिन्यात, इथल्या लष्कर भागातल्या पश्चिमेच्या बाल्कनीत. करपणारच तो, आणि "तुझ्याकडे टिकलं नाही गं" हेही मीच ऐकायचं.

माझ्या बाकीच्या देशी झाडांचे हाल तर विचारूच नका. कोरांटीला भर दुपारी पाणी, तेही पाइप लावून थेट गच्चीवरच्या टाकीचं, ज्या पाण्याने हात भाजतो. का, तर "पानांनी माना टाकल्या होत्या". अहो लू, म्हणजे इथला उन्हाळी झळांचा वारा, चालू असताना सगळेच माना टाकतात, मी पण टाकते, संध्याकाळी आपोआप उठतात! आधी बोट घालून माती बघा ना, ओलीच असते, त्यावर अजून ओतलं की मुळं सडतात, मुळं सडली की झाड परत मान टाकतं, की परत पाणी.

आणि तो नर्सरीवाला. "देसी है भाभीजी, मरेगा नहीं." जमिनीत नाही मरत रे बाबा, तिथे मुळं खोल गारव्याला जातात! तुझ्या काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत कुठे जाणार, बाहेरून हात लावला तर तवा. वर ती तुझी चिकण माती, वाळली की आकसून कड सोडते, मग घातलेलं पाणी कडेकडेने थेट खालच्या साहेबांच्या शर्टांवर, आणि सोसायटीच्या ग्रुपवर नोटीस माझ्या नावाची.

अर्थात मीही काही कमी नाही. चित्रकाला आईची जुनी सुती साडी बांधून सावली केलीये, कुंड्यांना ओलं गोणपाट गुंडाळलंय, शेजारीण विचारून गेली कसलं वाळवण आहे. काल तर कूलरचं तोंड बाल्कनीकडे फिरवलं होतं तेव्हा हे घाम पुसत म्हणाले, "आम्हालाही जरा वारा दे, आम्हीही देशीच आहोत."

आणि तो ग्रीन नेटवाला! होळीपासून "कल पक्का" म्हणतोय. आज एकदाचा फोन उचलला, तर म्हणे मॅडम, अब तो बारिश आने वाली है.