ग्रीसने 165 युरो कापले, ते गेले कुठे?

कामगार कायद्यांतल्या सुधारणांचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा लगेच कामगार कपातीवर येते. कामगार काढायला सरकारी परवानगी लागण्याची मर्यादा 100 कामगारांवरून 300 वर नेली, ते बरोबर की चूक? प्रश्न महत्त्वाचाच आहे. पण सरकार काटकसर करत असताना अशा सुधारणांचा घाव नेमका कुठे बसतो, हे समजून घ्यायचं तर कर्जसंकटात सापडलेल्या ग्रीसचे 2010 ते 2012 मधले कायदे बारकाईने वाचायला हवेत. तिथे प्रोबेशन 12 महिन्यांचं झालं, नोकरीवरून काढताना द्यायची भरपाई घटली. तरी पगार पाडले ते सामूहिक कराराच्या, म्हणजे मालक आणि कामगार संघटना मिळून ठरवतात त्या पगाराच्या कराराच्या, बदललेल्या नियमांनी.

2011 पर्यंत तिथे संपूर्ण उद्योगासाठी झालेला करार हा तळ असायचा. कंपनीत वेगळा करार झालाच तर तो त्याहून जास्तच देणारा. ऑक्टोबर 2011 च्या कायद्याने हे उलटलं आणि कंपनीतला करार खाली जाऊ लागला. जिथे युनियन नाही तिथे तीन पंचमांश कामगारांनी ‘व्यक्तींचा संघ’ स्थापून सही केली की पुरे. म्हणजे पाच जणांच्या वर्कशॉपमध्ये तीन सह्या! मालक समोर बसलेला, बाहेर बेकारांची रांग. कोण नाही म्हणणार? 2012 मध्ये कंपनी पातळीवरचे बहुतेक करार याच संघांनी केले, आणि त्यांत पगारकपातच जास्त होती.

फेब्रुवारी 2012 मध्ये पुढचा घाव बसला. कराराची मुदत संपल्यावर तो सहा महिने लागू राहायचा, ते तीन महिन्यांवर आलं. त्यानंतर मालकाने मूळ पगार आणि फक्त चार भत्ते ठेवायचे: सेवाकाळ, मुलं, शिक्षण आणि धोक्याचं काम. बाकीचे भत्ते काढायला कामगाराच्या सहीचीही गरज नाही.

त्याच वेळी किमान वेतन 751.39 युरोंवरून 586.08 वर आणलं, म्हणजे 22 टक्के कमी. पंचविशीच्या आतल्यांसाठी 32 टक्के कमी, 510.95 युरो. तिथे वर्षाला 14 पगार मिळतात (नाताळचा एक, ईस्टर आणि उन्हाळ्याचा अर्धा-अर्धा). महिन्याचे 165 युरो म्हणजे वर्षाचे 2,300 हून अधिक गेले.

हिशेब असा मांडला होता की मजुरी उतरेल, माल स्वस्त होईल, निर्यात वाढेल, नोकऱ्या येतील. पण 2010 च्या एकाच वर्षात व्हॅट 19 वरून 23 टक्क्यांवर गेला होता. अनेक बाजारपेठा मोजक्या कंपन्यांच्या हातात, बँकांचं कर्ज महाग. त्यामुळे मजुरी जितकी उतरली तितक्या किमती उतरल्याच नाहीत. गिऱ्हाईक मात्र त्याच पगारावर जगणारं होतं. दुकानाची विक्री घटली, मग दुकानातला माणूस घटला.

मला सर्वांत जास्त खटकते ती एक जोडणी. बेकारी भत्ता किमान वेतनाला बांधलेला होता, त्यामुळे तोही महिन्याला सुमारे 460 युरोंवरून 360 वर आला, आणि नेमका बेकारी कळस गाठत असताना. पगार घटला तशी विमा-पेन्शन निधीतली वर्गणीही घटली, ते भगदाड बुजवायला पुन्हा पेन्शन कापली.

ग्रीसला कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने 2013 मध्ये स्वतःच ताळा मांडला. 2009 ते 2012 मध्ये देशाचं उत्पन्न 5.5 टक्के घटेल असा अंदाज होता, घटलं 17 टक्के. बेकारी 15 टक्के धरली होती, झाली 25.

माझं मत स्पष्ट आहे. करार लवचीक करायला हरकत नाही, पण क्रम पाळा. आधी बेकारी भत्ता भक्कम करा आणि तो किमान वेतनापासून सोडवा. मग मालाच्या बाजारातली मक्तेदारी मोडा. कराराचे नियम त्यानंतर, तेही मागणी उभी राहिल्यावर. जर्मनीने 2009 च्या मंदीत कामाचे तास कमी केले, बुडालेल्या पगाराचा काही भाग सरकारी विमा निधीतून दिला आणि माणसं पटावर ठेवली.

ग्रीसमध्ये 2019 ला किमान वेतन 650 झालं, तरुणांचा वेगळा दरही गेला. दर तीन वर्षांच्या सेवेला मिळणारी वाढ मात्र 2012 मध्ये ‘बेकारी 10 टक्क्यांखाली येईपर्यंत’ गोठवली होती, ती सुरू व्हायला 1 जानेवारी 2024 उजाडला. मधल्या जवळपास 12 वर्षांची नोकरी या वाढीसाठी धरली जात नाही.