आराखड्याची पेन्सिल उचलण्याआधी पेठेत या

पुण्याच्या जुन्या हद्दीचा विकास आराखडा, म्हणजे कुठे घरं, कुठे बाजार, कुठे रस्ता हे ठरवणारा नकाशा, 2007 ते 2027 या वीस वर्षांसाठीचा. म्हणजे त्याची मुदत संपत आली. आज ना उद्या पुढच्या आराखड्याचं काम सुरू होईल आणि आमच्या पेठांचं येत्या वीस वर्षांत काय करायचं, हे ठरायला लागेल. म्हणून आत्ताच लिहितेय. आराखडा छापून आल्यावर उरतं ते फक्त अर्ज करणं.

मागच्या वेळचं आठवून बघा. प्रारूप आराखडा मार्च 2013 मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यावर सुमारे 87 हजार हरकती-सूचना आल्या. 1966 च्या नगररचना कायद्याप्रमाणे त्या ऐकायला नियोजन समिती असते: स्थायी समितीचे तीन सभासद आणि सरकारनं नेमलेले चार तज्ज्ञ. सात माणसं, 87 हजार अर्ज. पुढे 2015 मध्ये राज्य सरकारनं आराखडा स्वतःकडे घेतला आणि जानेवारी 2017 मध्ये मंजूर केला. वीसातली दहा वर्षं तोवर सरली होती.

पुणेकरांना हरकती घ्यायची हौसच, असं म्हणून हा विषय हसण्यावारी नेतात. मला ते फार लागतं. घरातल्या माणसाला न विचारता भिंत पाडायचं ठरवलंत, तर तो दुसरं काय करणार? रेषा मारून झाल्यावर विचारलं की माणूस फक्त "नको" म्हणू शकतो. "असं केलंत तर?" हे म्हणायची वेळ तेव्हा निघून गेलेली असते.

आई शुक्रवार पेठेत लग्न करून आली त्याला आता पन्नास वर्षं होतील. मागच्या आराखड्याच्या वेळी भावानं नकाशाची प्रत घरी आणली होती. आम्ही ती जमिनीवर पसरली, चार कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या. आईनं चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि मला म्हणाली, "हा नकाशा किती वाजताचा गं?"

या प्रश्नाचं उत्तर मला आजही देता येत नाही. निवासी भागाला एक रंग, व्यापारी भागाला दुसरा. पण मंडईच्या मागची गल्ली पहाटे मार्केट यार्डातून आलेल्या टेम्पोंची आणि हमालांची असते. दहाला तिथेच दुकानांत कामाला येणाऱ्या मुली डबे सावरत चालत असतात. दुपारी शटर अर्धी खाली, ओट्यावर म्हातारी माणसं. संध्याकाळी तुळशीबागेतून बाहेर पडलेली गर्दी आणि पथारीवाले. रात्री दहानंतर पोरांचं क्रिकेट. ऑगस्टपासून मंडळाचा मांडव. यातला कुठला तास धरून तुम्ही "पार्किंग" लिहिणार? पहाटेचा टेम्पो कुठे लागेल याचा विचार न करता आखलेला पदपथ महिन्याभरात टेम्पोंचाच होतो. हे हमालाला विचारलं असतं तर त्यानं पहिल्या मिनिटात सांगितलं असतं.

रस्तारुंदीची रेषा घ्या, म्हणजे रस्ता पुढे कुठवर रुंद करायचा ती आराखड्यातली खूण. वाडा पडून इमारत झाली की ती रेषेच्या मागे सरकते. शेजारचा वाडा अजून उभा असतो, तो पुढेच. गल्ली दात पडलेल्या कंगव्यासारखी दिसते आणि मोकळ्या झालेल्या खाचेत दुचाक्या लागतात. रस्ता रुंद झाला असं चालणाऱ्या कुणालाच वाटत नाही. तोवर भाडेकरू मात्र कुठेतरी धायरीला, कुठेतरी आंबेगावला गेलेला असतो.

याच शहरानं न विचारता केलेलं काम कसं अंगावर येतं ते पाहिलंय. 1897 च्या प्लेगात रँडच्या कमिटीनं गोरे सोजीर पेठांतल्या घराघरांत घातले. हेतू रोग थांबवण्याचा होता. पुढचा इतिहास आपल्याला पाठ आहे. त्यानंतर साधारण वीस वर्षांनी होळकरांच्या इंदुरातही प्लेग होता. तिथे पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश नगररचनाकार काम करत होता. त्यानं दिवाळीत मोठी मिरवणूक काढायचं ठरवलं आणि जाहीर केलं, की नेहमीचा मार्ग नाही, ज्या गल्ल्या लोक सर्वांत स्वच्छ करतील तिथून मिरवणूक जाईल. लोकांनी गाड्यागाड्या कचरा बाहेर काढला, घरं रंगवली. सफाई करणाऱ्यांना मिरवणुकीत मान मिळाला. हाच गेडिस 1919 मध्ये मुंबई विद्यापीठात प्राध्यापक झाला. आधी गल्लीबोळांतून पायी हिंडायचं, मग कागदाला हात लावायचा, ही त्याची पद्धत. शंभर वर्षं झाली, आपण अजून उलटं करतो.

माझं मागणं साधं आहे. सध्याच्या जमीनवापराची पाहणी कायद्यातच सांगितली आहे. ती पेठेतल्या माणसांना बरोबर घेऊन, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी करा. गणेश मंडळांना जरूर बोलवा, गल्लीची खडान्‌खडा माहिती त्यांच्याकडे असते. पण तिथे थांबू नका, कारण मंडळात बहुतेक पुरुष असतात. भाडेकरूंना बोलवा. दुकानात काम करणाऱ्या मुलींना बोलवा. त्यांचं मतदान इथे नसतं, पण दिवसाचे दहा तास त्या इथेच असतात. पथारीवाल्यांसाठी 2014 च्या कायद्यानं शहर फेरीवाला समितीत किमान चाळीस टक्के जागा ठेवल्या आहेत, म्हणजे टेबलाशी त्यांची खुर्ची कायद्यानंच मांडलेली आहे. आणि जे बदलता येणार नाही ते आधीच स्पष्ट सांगा. आगीचा बंब आत यायला हवा, ही अट लोकांना कळते. लपवलेली अट कळत नाही.

करून बघणं हाही एक मार्ग आहे. दर 11 डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा एक पट्टा गाड्यांना बंद करून चालणाऱ्यांना देतात, 2021 पासून. मला ते मनापासून आवडतं. पण त्या दिवशी गल्ल्यात किती जमा झालं, माल कधी उतरवला, हे प्रत्येक दुकानदाराला विचारून लिहून ठेवायला हवं. मग पुढच्या वर्षी आठ दिवस. व्यापाऱ्याची भीती भाषणानं जात नाही, त्याच्या स्वतःच्या हिशेबाच्या वहीनं जाते.

आणि हे एकदा विचारून संपवायचं काम नाही. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि कारभार प्रशासकांकडे गेला, तेव्हा पेठेतल्या माणसानं कुणाला गाठायचं हेच कळेना. वीस वर्षांत अधिकारी बदलतात, सरकारं बदलतात. गल्ली तिथेच असते. क्षेत्रसभेची, म्हणजे प्रभागातल्या एका छोट्या भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद 2009 पासून कायद्यात आहे. दर वर्षी पेठेची एक उघडी सभा, त्यात आराखड्यातलं काय झालं आणि काय राहिलं याचा मराठीतला कागद, एवढं तरी सुरू करा.

सुरुवात मीच करतेय. येत्या शनिवारी पहाटे पाचला मंडईत टिळकांच्या पुतळ्यापाशी भेटू. मग सकाळी दहाला, दुपारी दोनला, संध्याकाळी सातला आणि रात्री दहाला पुन्हा तिथेच. प्रत्येक वेळी अर्धा तास चालायचं आणि दिसेल ते वहीत लिहायचं. ज्याला जी वेळ जमेल त्यानं ती धरावी. दुपारी दोनला आई येणार आहे, तिच्यासाठी कुणीतरी एक खुर्ची आणा.